ढिगाकडे पाठ करून

मला भित्री म्हटलंत तर चालेल. आळशी म्हटलंत तर मी या वयातही भांडेन. आळशी माणूस काम टाळतो आणि सुखानं झोपतो. मी टाळत होते आणि मला झोप लागत नव्हती. सतराव्या वर्षी, एका हिवाळ्यात, ज्या एका गोष्टीवर माझा पुढचा जन्म टांगलेला होता तेवढी सोडून घरातली बाकी सगळी कामं मी केली.

आमचं गाव तापीकाठचं, प्रकाशा तीर्थाच्या अलीकडे. नंदुरबार तेव्हा जिल्हा नव्हता, आम्ही सगळे पश्चिम खानदेशातले. घरी कापूस, मिरची, थोडी केळी. खाऊनपिऊन सुखी म्हणावं असं घर. पण माझी थोरली बहीण बाळंतपणात गेली आणि दहा दिवसांची तिची मुलगी आमच्याकडे आली. शेळीच्या दुधावर ती वाढली, माझ्या कडेवर वाढली. मी सतरा वर्षांची झाले तेव्हा ती दोन वर्षांची होती आणि माझा पदर सोडत नव्हती.

मोठ्या माणसांनी हिशेब सोपा केला होता. मेहुण्यांना बायको हवी, पोरीला आई हवी, आणि घरात एक लग्नाची मुलगी आहेच. एका दगडात दोन पक्षी, आणि दगड मी.

मेहुणे वाईट नव्हते, हे मला आधीच सांगून टाकायला हवं. मी घाबरत होते ती त्यांच्या घरातल्या एका खोलीला. बहिणीच्या बाळंतपणाला मी सोबतीला गेले होते. त्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर मी दोन दिवस बसून होते. आतून काय काय ऐकू आलं ते मी आजवर कोणाला सांगितलं नाही, इथंही सांगणार नाही. त्याच खोलीत मला नांदायला जायचं होतं, त्याच बाजेवर.

मला मास्तरीण व्हायचं होतं. आमच्या शाळेत वर्षभर एक बाई शिकवायला आल्या होत्या. त्यांच्याकडे स्वतःची छत्री होती. नवऱ्याची नाही, बापाची नाही, स्वतःची. त्या छत्रीनं मला वेड लावलं. सातवीची फायनल पास झालं की तेव्हा शाळेत नोकरी मिळायची. मी सहावीत असताना बहिणीचं बाळंतपण आलं आणि माझी शाळा सुटली, पण फायनलला बाहेरून बसता येत होतं. मी वडिलांपुढे रडले, दोन वेळा जेवले नाही. शेवटी ते म्हणाले, "पास व्हयनी ते पुढे शिकाडसू. नापास व्हयनी ते वैशाखमा हळद. मंग रडानं नही."

आता यानंतर कोणीही शहाणी मुलगी पुस्तकाला चिकटून बसली असती. मी काय केलं? दुसऱ्या दिवशी सकाळी ओटा सारवला. तिसऱ्या दिवशी धान्याची कोठी रिकामी करून झाडली. कंदिलाच्या काचा राखेनं घासल्या, गोधड्यांना टाके घातले, शेजारणीच्या डाळीसुद्धा निवडून दिल्या. मी जन्मात इतकी कामसू कधी नव्हते. आई कौतुकानं सगळ्यांना सांगायची, "पोर कितली कामनी व्हयनी आते!" आणि मी तिच्याकडे बघायचे नाही. मला माहीत होतं की मी काम करत नाहीये, मी पळतेय.

रोज सकाळी ठरवायचे, आज दुपारी बसायचंच. दुपार झाली की तळहाताला घाम यायचा. पुस्तक उघडलं की पहिल्यांदा मी काय करायचे तर शेवटचं पान बघायचे आणि किती उरलं ते मोजायचे. मोजून झालं की पुस्तक मिटायचे. मग पोर रडली, मग पाणी भरायचं राहिलं, मग उद्या. उद्या मात्र नक्की. एवढा एकच निश्चय मी रोज न चुकता करत होते.

बाकीचे विषय मला जमण्यासारखे होते. घोडं अडलं होतं ते अंकगणितावर. आणि अंकगणिताचं पुस्तक होतं बहिणीचं.

लग्नाआधी तीही फायनलचा अभ्यास करत होती. एक पान पुरतं सोडवून झालं की करंड्यात बोट बुडवून ती पानाच्या कोपऱ्यात कुंकवाचा एक ठिपका लावायची. पहिल्या पानापासून ठिपके ओळीनं होते. पुस्तकाच्या मध्याशी, काळ, काम आणि वेग हा धडा सुरू होतो तिथं ते थांबले होते. वडिलांनी तिलाही शब्द दिला होता, परीक्षा होऊ दे मग लग्न. स्थळ चांगलं आलं आणि परीक्षेआधीच तिला हळद लागली. तो शब्द मोडल्याचं वडील कधी बोलले नाहीत. मला मात्र ठिपक्याचं शेवटचं पान उलटायची हिंमत होत नव्हती. पुढची कोरी पानं बघितली की वाटायचं, इथवरच आपल्या घरातल्या मुली येतात. आणि समजा मी पुढे गेले, पास झाले, आणि वडिलांनी माझाही शब्द मोडला तर? मग निदान अभ्यास केला नव्हता म्हणून नापास झाले असं म्हणायला जागा राहिलेली बरी. हे मी तेव्हा स्वतःशी इतकं स्वच्छ बोलले नव्हते. तेव्हा फक्त घाम यायचा.

पौष उजाडला. खळ्यात वाळलेल्या मिरचीचा ढीग पडला होता, घराच्या भिंतीला टेकेल एवढा. देठ खुडायला डोंगरातून, तोरणमाळच्या बाजूनं, दरवर्षी माणसं यायची. त्यांत एक म्हातारी होती. सगळं गाव तिला डोकरी म्हणायचं आणि मीही. तिचं नाव मी कधी विचारलं नाही, याची लाज मला फार उशिरा वाटली. ती हंगामभर खळ्याच्या कडेला खोपटात राहायची. घरात आई सारखी "वाच, वाच" करायला लागली होती म्हणून मी पुस्तक घेऊन खळ्यात पळाले. तिथं मिरचीचा असा ठसका असायचा की वाचता आलं नाही तर कोणी बोल लावणार नव्हतं.

मी पुस्तक उघडलं आणि सवयीप्रमाणे मागची पानं मोजू लागले. डोकरी माझ्याकडे बघत होती. ती ढिगाकडे पाठ करून बसली होती. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की खुडणाऱ्या सगळ्याच बाया तशा बसल्या होत्या. ढीग पाठीमागे, मांडीवर टोपलीभर मिरची. मांडी रिकामी झाली की हात मागे जायचा, मान नाही.

"काय मोजी ऱ्हायनी वं?" तिनं विचारलं.

"कितलं ऱ्हायनं ते."

ती हसली. "ढीगले देखानं नही पोरी. नवी पोर उनी की पहिले ढीग देखस, दुपारले तिन्हं डोकं दुखस, दुसरे दिन ती येत नही. ढीगकडे पाठ कर. मांडीवर जितलं शे तितलं खुड."

"पुस्तकले पाठ कशी करू?"

तिनं पुस्तक हातात घेतलं, उलटं. शिवण जुनी होती, निम्मे टाके सुटलेले. मी काय होतंय ते समजायच्या आत तिनं विळ्याचं टोक घालून राहिलेला दोरा तोडला आणि सगळी पानं टोपलीत ओतली.

माझं धाबं दणाणलं. पुस्तकाला पाय लागला तर आम्ही नमस्कार करायचो आणि ही बाई विळा लावून मोकळी झाली. शिवाय ते बहिणीचं होतं. मेलेल्या माणसाची वस्तू आहे तशी परत मिळत नाही. मी ओरडले, "पाप लागी! विद्या शे ती!"

"झाडना पानं रोज तोडतस," ती म्हणाली. "त्यानं पाप कोनले लागस?"

मग तिनं तिचा कायदा सांगितला. टोपली तिच्या खोपटात राहणार. रोज सकाळी ती एक पान देणार. संध्याकाळी ते पुरं करून आणलं तर दुसऱ्या दिवशी दुसरं. नाही आणलं तर तेच. माझ्या वडिलांना हे सांगायची सोय नव्हती, कारण पुस्तक फाडल्याचं त्यांना कळलं असतं तर वैशाखाची वाटही बघितली नसती. मी त्या म्हातारीच्या तावडीत सापडले ती अशी.

आणि तिची चूक अशी की पानांना क्रम असतो हे तिला ठाऊकच नव्हतं. मिरचीला कुठं क्रम असतो? हाताला येईल ते पान ती द्यायची. पहिल्या दिवशी मला व्यवहारी अपूर्णांक मिळाले, दुसऱ्या दिवशी घनफळ. एखादं उदाहरण एका पानावर सुरू व्हायचं आणि उरलेलं आठवड्यानं भेटायचं. मी समजावून पाहिलं, आकडे दाखवले. ती म्हणाली, "निवडी निवडी खुडस ती पोर कामनी नही."

पहिले दोन दिवस मी खोटं बोलले. पान कमरेला खोचून दिवसभर फिरले आणि संध्याकाळी "व्हयनं" म्हणून परत दिलं. तिला वाचता येत नव्हतं, तपासणार काय? तिसऱ्या दिवशी पान घेताना ती सहज म्हणाली, "काय व्हतं त्यामा? सांग माले." मास्तरांना फसवता येतं, त्यांना उत्तर माहीत असतं. जिला खरंच जाणून घ्यायचंय तिला काय सांगणार? ते पान मी परत मागून घेतलं, खोपटाबाहेर बसले आणि उजेड होता तोवर सोडवलं. हौदाचं उदाहरण होतं. एक नळ हौद भरतो, दुसरा रिकामा करतो, दोन्ही उघडे ठेवले तर हौद किती वेळात भरेल? मी तिला सांगितलं.

"दुसरा नळ उघडा ठेवस तो येडा कोन शे?" ती म्हणाली. "पहिले तो बंद करा म्हना ना!"

कित्येक महिन्यांनी मी मोठ्यानं हसले. आणि हसताना मनात आलं की तो येडा म्हणजे मीच. एका नळानं मी वाचायचं ठरवत होते, दुसऱ्यानं सगळं वाहून जात होतं.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं सांगायला मला आवडलं असतं. झालं नाही. भीती होतीच, रोज सकाळी खोपटाकडे जाताना मी लांबची वाट धरायचे. फक्त भ्यायचं ते एका पानाला. एका पानाला माणूस किती वेळ भिणार?

बिनठिपक्याची पानं अधूनमधून यायचीच, पण एके दिवशी तिनं दिलेल्या तशा पानाच्या माथ्यावर धड्याचं नाव होतं. काळ, काम आणि वेग. बहीण थांबली होती ते पान. मी ते परत तिच्या पुढ्यात टाकलं. "हाई नको. दुसरं दे."

"निवडानं नही."

"मन्ही बहीण हाई पान करता करता गयी!" मी किंचाळले. ते खरं नव्हतं. ती त्या पानानंतर पाच वर्षांनी गेली. पण माझ्या मनात ते तसंच झालं होतं, आणि तोंडातून निघाल्यावर ते मला पहिल्यांदा ऐकू आलं. शेजारच्या बाया खुडायच्या थांबल्या. डोकरीनं पानावरची मिरचीची बी फुंकून टाकली आणि पान पुन्हा माझ्या हातात दिलं.

ते पान सोडवताना आकडे वेडेवाकडे पडत होते. आठ माणसं एक विहीर दहा दिवसांत खणतात, तर सोळा माणसांना किती दिवस? पुढे-मागे दुसरं पान नव्हतं. धडा नव्हता, पुस्तक नव्हतं, नुसती विहीर होती आणि सोळा माणसं. संध्याकाळी मी डोकरीला म्हटलं, "पाच दिन."

"पाच?" तिनं पोक्तपणे मान हलवली. "सोळा जन एके जागे उनात ते पंधरा दिन लागतीन. नुसत्या गप्पा मारतीन."

त्या पानाला मी ठिपका लावला नाही. माझ्या कुठल्याच पानाला लावला नाही. ठिपका लावला की आपलंही तिच्यासारखंच होईल अशी धास्ती होती. शिकत होते अंकगणित, डोकं हे असं.

फाल्गुनात मेहुणे आले. ओट्यावर बसले, पोरीसाठी आणलेलं झबलं पुढे केलं. ती माझ्यामागे लपली आणि मला पहिल्यांदाच "माय" म्हणाली. आम्ही दोघींनीही ते तिला शिकवलेलं नव्हतं, ना मी, ना माझ्या आईनं. मेहुणे वडिलांना हळू आवाजात म्हणाले, "मामा, पोरले माय जोईजे. ही नही म्हनस ते मी दुसरं घर देखसू. पन पोर मी लई जासू." त्यांच्या आवाजात राग नव्हता. म्हणून मी जास्त घाबरले.

दाराआड उभी राहून मला सगळं लख्ख कळलं. इतके महिने माझा हात पुस्तकाकडे का जात नव्हता, त्याचं सगळ्यात तळाचं कारण ते होतं. पास झाले की ही पोर जाणार. मला पास व्हायचं होतं आणि व्हायचं नव्हतं. दोन्ही नळ माझ्याच हातानं उघडे होते.

दुसऱ्या दिवशी मी हे डोकरीला रडत रडत सांगितलं. वाटलं, म्हातारं माणूस आहे, काही शहाणपणाचं बोलेल. तिनं तंबाखूची चिमूट तोंडात टाकली आणि टोपलीतून पान काढून दिलं. मला तिचा असा संताप आला! ते पान मी रागारागानं दोन तासांत संपवलं. त्या दिवशी मी दोन पानं केली. ती पहिली आणि शेवटचीच वेळ.

मिरचीचं काम आटोपलं. डोंगराकडे परत निघायच्या आदल्या दिवशी डोकरीनं पुस्तक मला परत दिलं. गोणी शिवायच्या दाभणानं आणि सुतळीनं तिनं ते शिवलं होतं, हाताला येतील तशी पानं घेऊन, काही उलटीसुद्धा. सुतळीची गाठ माझ्या अंगठ्याएवढी होती. मी कपाळाला हात लावला. पण ढीग संपला होता, याला नाही म्हणता आलं नसतं. तिला मी थांब म्हटलं नाही, काही दिलं नाही, कुठल्या पाड्यावर राहतेस तेही विचारलं नाही. पुढच्या वर्षी ती आली नाही.

नंदुरबारला जाऊन मी परीक्षा दिली. अंकगणिताचा पेपर हातात आल्यावर मी पुढचे प्रश्न हातानं झाकले आणि वरून एकेक उघडत गेले.

निकालाचं पत्र वडिलांनीच वाचलं. मी चुलीपुढे होते आणि माझे कान त्यांच्या तोंडाकडे लागले होते. त्यांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं. मला वाटलं, मोडला शब्द. मग ते आईला म्हणाले, "थोरलीले मी फसाडं. हिले नही फसाडाव." एवढंच बोलले आणि शेतात निघून गेले.

वैशाखात हळद लागली ती मेहुण्यांना, दुसऱ्या गावच्या मुलीच्या नावाची. त्याआधी एका सकाळी ते बैलगाडी घेऊन पोरीला न्यायला आले. ती गाडीत बसेना, माझ्या लुगड्याचा काठ तिच्या मुठीत होता. बोटं मी सोडवली. एकेक करून, मीच. मग मी खळ्यात पळाले आणि रिकाम्या खोपटात कान दाबून बसले, तरी तिचा "माय, माय" गाव ओलांडेपर्यंत ऐकू येत होता.

त्या दिवसापासून एक नवी भीती लागली. ही मोठी होईल आणि एक दिवस माझ्यासमोर उभी राहून विचारेल, मला का सोडलंस?

ती भीती मी नऊ वर्षं सांभाळली. धुळ्याला ट्रेनिंग झालं, नोकरी लागली, छत्री आली. साठ साल उलटून गेल्यावर माझी बदली खापरला झाली, गुजरातच्या हद्दीजवळ. एका मे महिन्यात मेहुणे तिला घेऊन दारात उभे राहिले. अकरा वर्षांची, बहिणीचं नाक, बहिणीची उभं राहायची ढब. मेहुणे म्हणाले, "सुट्टीभर ठेवी ल्या. गणितमा नापास व्हयनी. पुस्तकले हात लावत नही. तशीच ऱ्हायनी ते घरमा तिन्हा लगीननं बोलतीन." ते निघून गेले.

चार दिवस तिनं माझं घर झाडलं, भांडी घासली, न सांगता डाळ निवडली. मी बघत होते. पाचव्या दिवशी मी तिला म्हटलं, "आळशी नही तू. घाबरस." तिचा चेहरा रडवेला झाला. मी पेटीतून ते सुतळीचं पुस्तक काढून तिच्या मांडीवर ठेवलं.

ती पानं उलटायला लागली. उलटी पानं बघून हसली. मग विचारलं, "हाऊ लाल डाग कसाना शे?"

"तुन्ही मायना. पान पुरं करं की ती कुंकू लावे."

तिनं ठिपक्यावर बोट ठेवलं. आता तो प्रश्न येणार, मला वाटलं. माझ्या तळहाताला तोच जुना घाम आला. ती एकेक पान उलटत गेली, हळूहळू. ठिपका, ठिपका, दोन कोरी, पुन्हा ठिपका. डोकरीनं शिवलेल्या त्या पुस्तकात बहिणीचे ठिपके इकडून तिकडे पसरले होते. शेवटच्या पानाशी ती थांबली. त्याच्या कोपऱ्यात कुंकू होतं.

"मावशी," ती म्हणाली, "शेवटना पानवर बी शे. म्हंजे मन्ही मायनी पुरं पुस्तक करं?" आणि माझ्या उत्तराआधी स्वतःच म्हणाली, "मधमा कुंकू सरी गयं व्हई."

खोटं बोललं म्हणून वर्गातल्या एकाही मुलाला मी आजवर सोडलेलं नाही. मी म्हटलं, "हा. पुरं करं तिनी."

तिनं मला का सोडलंस ते विचारलं नाही. ती उठली, पुस्तक काखेत धरलं आणि भिंतीतल्या कोनाड्यात काहीतरी शोधू लागली.

"तुन्हा करंडा कोठे शे?" तिनं विचारलं.

मी तो आतून आणून दिला.